भिजवलेले हरभरे आणि दुसरा परीक्षक

वन्सं, तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्याकडे पाठ करून बोलत होते. ओट्यापाशी उभी होते, कुकरच्या शिट्या मोजत होते, आणि पन्नास वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तुम्हाला सांगत होते. अर्धी सांगून झाली, पाऊण झाली, सगळी झाली. तुम्ही मध्ये एकदाही बोलला नाहीत. तिथेच मला कळायला हवं होतं, कारण समोरच्याला वाक्य पुरं करू देणं तुम्हाला कधी जमलं नाही. मी वळले. तुम्ही टेबलाशी बसला होतात. हनुवटी छातीला टेकलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पेन्सिल, पुढ्यात दुसऱ्या परीक्षकाचा कागद. मला वाटलं, रागावून गप्प बसलात. मी म्हटलं, "आता बोला की."

मग मी गॅस बंद केला.

डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं असणार. कुठल्या क्षणात, ते त्यांना सांगता येईना. मला तेवढंच विचारायचं होतं. हरभऱ्यांच्या आधी की नंतर.

मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर दोन पानं हवीत म्हणून मंडळाच्या बाई येऊन गेल्या. त्यांना तुमचा स्वभाव, तुमची शिस्त, विद्यार्थ्यांवरची माया असं काही हवं होतं. ते तुमच्या कॉलेजचे लोक लिहितील. मी चौथी शिकलेली आहे, मला घडलं तेवढंच लिहिता येतं. आणि जे घडलं ते इतकं मोठं आहे की मला गेले तीन आठवडे एका जागी बसवत नाही.

तुम्ही माझ्या नवऱ्याची बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तरी तुम्हाला कधी नावानं हाक मारली नाही, वन्सं म्हटलं आणि अहो-जाहो केलं. ह्यांचे वडील गेले तेव्हा घरात पैसा नव्हता. हे कॉलेज सोडून कारखान्यात फिटर झाले आणि तुम्ही एम. ए. झालात. त्याचा तुम्ही कधी उच्चार केला नाहीत, आम्हीही केला नाही. पुढे कारखान्याची कॉलनी सोडून आम्ही रावपुऱ्यातल्या तुमच्या घरी आलो, हे गेले, आणि मग आपण दोघीच उरलो. तुम्ही राज्यशास्त्र शिकवायचात, मी स्वयंपाक करायची. तुम्हाला चहा सोडून काही येत नव्हतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

तुम्ही निवृत्त झालात आणि म्हणालात, आता कॉलनीतल्या बायकांवर लेख लिहिणार. मी विचारलं, कोण वाचणार तो? तुम्ही म्हणालात, जगातली दीडशे माणसं. मी म्हटलं, मग त्यांना पत्रंच टाका ना एकेक. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "खरं घडलेलं आहे वहिनी, म्हणून लिहायचं." माझा हात कणकेत होता, तो तसाच राहिला.

कारण घडलं होतं ते तुम्हाला माहीतच नव्हतं. तुम्हाला आम्ही सांगितलं होतं ते माहीत होतं.

आमच्या कॉलनीत, प्रतापनगरच्या पलीकडे, आता तिथे दुकानं झाली आहेत, नळाला भर दुपारी बाराला पाणी यायचं आणि अर्ध्या तासात जायचं. सकाळी द्या म्हणून पुरुषांनी तीन अर्ज केले, एकाचंही उत्तर आलं नाही. चैत्रात एके दिवशी, नळ यायच्या आधी, एका घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. कॉलनी ज्यांच्या ताब्यात होती त्या साहेबांच्या बाईला आम्ही बोलावलं. त्या उत्तरेकडच्या, हौशी होत्या, आल्या. त्यांना हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, हरभऱ्यांनी ओटी भरली, आंब्याची डाळ दिली. डाळीत मिरची सढळ होती. बाईंनी पाणी मागितलं. पाणी नाही. पन्हं? पन्ह्याला पाणी लागतं, तेही नाही. शेजारच्या घरी विचारलं, तिथे नाही. अशा त्या उन्हातून चौदा दारं फिरल्या आणि चौदाही घरांतून त्यांना हात जोडून एकच उत्तर मिळालं, घागरीत थेंब नाही. आठ दिवसांत नळ सकाळी सहाला यायला लागला.

तुम्ही तोवर हयात असलेल्या नऊ जणींच्या मुलाखती घेतल्यात. मी सातवी. लेखात नावं घालत नाहीत, म्हणून मी क्रमांक सात झाले. मी म्हटलं, घरातल्या घरात माझा नंबर सातवा? तुम्ही म्हणालात, सोपी कामं मी मागे ठेवते.

आणि मग तुम्ही लिहिलंत की हे उत्स्फूर्त होतं. बायकांनी काही ठरवलं नव्हतं, पाण्याची टंचाई आणि घरातली रीत समोरासमोर आली आणि त्यातून आपोआप राजकारण झालं. तुम्ही मराठी करून वाचून दाखवायचात आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी म्हणायची, आपोआप दूधसुद्धा उतू जात नाही, कुणीतरी गॅस मोठा ठेवलेला असतो. तुम्ही मान हलवायचात आणि म्हणायचात, "तुम्हाला तेव्हा कळत नसेल वहिनी, पण ते राजकारण होतं."

हे वाक्य मी दहा वर्षं ऐकलं.

मला सगळं कळत होतं. चार दिवस आम्ही नळावर तेच ठरवत होतो. सिंधू मोरे म्हणून कोपऱ्यावरच्या खोलीत राहायची, तिच्या डोक्यातली ती कल्पना. पाणी चौदाही घरांत होतं. पिंपं पलंगाखाली ढकलली, वर गोधड्या सोडल्या. एकीनं तर बाळंतिणीच्या खाटेखाली तीन घागरी लपवल्या, तिथे कोण वाकून बघतो. डाळीत मिरच्या किती घालायच्या तेही ठरलं होतं, त्या मीच वाटल्या. आदल्या दिवशी सिंधूनं कुंकवाची कोयरी मध्ये ठेवली आणि चौदा जणींनी तिच्यावर हात ठेवून शपथ घेतली, कुंकवाची शपथ, की हे नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. बायकांनी कट केला हे कळतं तर नवऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. आम्ही कुणीही सांगितलं नाही. ह्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तुम्ही तर त्यांची बहीण.

हे जाऊन अकरा वर्षं झाली. ज्याची शपथ घेतली ते कुंकूच राहिलं नाही, तरी मी तोंड मिटून बसले. सवय झाली होती, दुसरं काही कारण नाही. बाकीच्या आठ जणींनीही तेच केलं. तुमच्या रेकॉर्डिंगच्या यंत्रासमोर बसून नऊच्या नऊ जणी एकच वाक्य बोलल्या, घागरीत थेंब नाही.

लेख पाठवणं म्हणजे काय, ते मी तुमच्याकडून शिकले. मुलीचं स्थळ बघण्यासारखंच ते. पहिल्या नियतकालिकानं दोन दिवसांत परत पाठवला. तुम्ही मला सांगितलंत, विषय त्यांच्या कक्षेत बसत नाही. खरं कारण शीतलनं परवा सांगितलं. परीक्षकाला लेखक कोण ते कळू द्यायचं नसतं, म्हणून लेखावर नाव घालायचं नसतं. तुम्ही नाव काढलं होतंत, पण आभाराची ओळ तशीच राहिली होती, आणि तिच्यात तुम्ही, मी, आपलं रावपुऱ्यातलं घर, सगळं होतं. माझे आभार मानल्यामुळे लेख परत आला आणि तुम्ही मला कक्षा सांगितलीत. बरं केलंत. कळलं असतं तर मी सहा महिने ऐकवलं असतं.

दुसऱ्यानं अकरा महिने ठेवून घेतला आणि चार ओळींत नाही म्हणाला, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा देऊन. मी म्हटलं, पत्रिका जुळत नाही म्हणतात तसंच की. तुम्ही म्हणालात, वहिनी, मी स्वतः नऊ मुलं नाकारली, त्यातलाच कुणीतरी संपादक झालेला दिसतो.

तिसरं नियतकालिक परदेशातलं, मोठं. तिथे पाठवल्यापासून रोज सकाळी चहा झाला की तुम्ही संगणक उघडायचात आणि मी मागे उभी राहायची. आधी 'संपादकांकडे'. मग एका सकाळी 'परीक्षकांकडे'. त्या दिवशी आपण शेवउसळ मागवली आणि तुम्हाला खाऊन ठसका लागला. मला ही रीत फार आवडली, खरं सांगते. परीक्षकाला तुम्ही दिसत नाही, तो तुम्हाला दिसत नाही. मी म्हटलं, आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तसं. तुम्ही म्हणालात, उलटं आहे वहिनी, इथे नाव घेतलं नाही की खरं बोलता येतं.

तेव्हाच सांगायचं होतं मी.

मग उत्तर आलं. नाकारलं नव्हतं. सुधारून पाठवा, अमुक तारखेच्या आत. पहिल्या परीक्षकानं वाहवा केली होती आणि आणखी दहा पुस्तकांची नावं घाला म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, त्यातली सहा त्याची स्वतःची असणार. दुसऱ्या परीक्षकाचं दीड पान होतं. तुम्ही वाचत होतात आणि तुमचा आवाज बारीक होत गेला. मी तांदूळ निवडत होते. ते मला पाठ झालं आहे. त्यानं लिहिलं होतं, लेखक म्हणतो की चौदा घरांत पाण्याचा थेंब नव्हता, आणि दोन पानं आधी म्हणतो की पाहुणीची ओटी भिजवलेल्या हरभऱ्यांनी भरली. हरभरे कशात भिजवले? पुढे लिहिलं होतं, नऊ स्त्रिया इतक्या वर्षांनी एकच वाक्य उच्चारतात. लेखक याला सामूहिक स्मृती म्हणतो. मला हे पाठ केलेलं वाक्य वाटतं. हे ठरवून केलेलं नव्हतं हे लेखकाला कोणी सांगितलं?

माझ्या हातून ताट सांडलं. तुम्हाला वाटलं, मला तुमचं वाईट वाटलं. वाईट कसलं वन्सं, मला इतका आनंद झाला होता की तांदूळ गोळा करायच्या निमित्तानं मी टेबलाखाली गेले आणि तिथे बसून हसले. पन्नास वर्षांत साहेबांच्या बाईला सुचलं नाही. चौदा नवऱ्यांना सुचलं नाही. सिंधू मोरे एवढी हुशार, तिलाही नाही. चैत्रातल्या ओटीला हरभरे भिजवायचेच, हात आपसूक गेला, कुणाच्या मनात आलं नाही की हेच आपल्याला पकडून देतील. आणि कुठल्या देशात बसलेला कोण माणूस, त्यानं कागदावरून पकडलं. डाळसुद्धा भिजवूनच वाटावी लागते, ते मात्र त्याच्या लक्षात आलं नाही. म्हणजे हरभरे भिजवतो, आंब्याची डाळ करत नाही. मी तेव्हापासून त्याचा विचार करते आहे. बाई असेल. किंवा स्वतःच्या हातानं रांधून खाणारा पुरुष असेल.

तुम्ही पाच दिवस धुमसत होतात. माझ्या बायका खोटं बोलत नाहीत, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत, आणि मी तिन्ही वेळा उठून काहीतरी आवरायला गेले. सहाव्या दिवशी म्हणालात, उत्तर ठरलं, हरभऱ्यांचा तपशील गौण आहे असं लिहिते. मुदतीला नऊ दिवस होते. तुम्ही आयुष्यात कुणाला खोटं लिहून दिलं नाहीत, आणि आता तुमच्या सहीनं माझं खोटं परदेशात जाणार होतं. मी कुकर लावला, तुमच्याकडे पाठ केली आणि सुरुवात केली. तोंडावर सांगायचा धीर नव्हता. असता तर तुम्ही ऐकत आहात की नाही हे तरी दिसलं असतं.

तिसऱ्या दिवशी शीतल आली. तुमची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः कॉलेजात शिकवते, पंचेचाळिशी ओलांडली तरी आपल्या घरात आली की विद्यार्थिनीसारखी दाराजवळच्या स्टुलावर बसते. तुम्ही मला वहिनी म्हणायचात म्हणून तिनं त्याला आपलं गुजराती बेन जोडलं आणि पंचवीस वर्षं मी वहिनीबेन आहे. ती रडत आली होती. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, रडणं झालं की संगणक उघड, सहा दिवस राहिलेत.

माझ्या चुलत जावेनं तोंडाला पदर लावला. सुतक चालू आहे, असं म्हणाली. सुतकात देवाचं करू नये हे मला माहीत आहे. लेखाचं करू नये असं मला कुणी शिकवलं नाही, आणि मी तिला तसं सांगितलं.

मग मी शीतलला सगळं सांगितलं, या वेळी तोंडावर. पिंपं, गोधड्या, मिरच्या, कोयरी. तिची लेखणी थांबली. "वहिनीबेन, फरीथी बोला ने. हळू." मी पुन्हा सांगितलं. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. तिचे डोळे असे झाले होते की मला वाटलं हिला ताप आला. ती म्हणाली की हा आता दुसराच लेख झाला, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा. बायकांनी ठरवून केलं, आणि ठरवलं नाही असं दिसावं हेही ठरवून केलं, आणि पन्नास वर्षं ते टिकवलं. असं कुठे छापलेलं तिच्या वाचनात नव्हतं.

आणि लगेच ती बसली आणि म्हणाली, नाही. मॅडमचं म्हणणं उत्स्फूर्त असं आहे. मॅडम आता उत्तर देऊ शकत नाहीत. त्यांच्या नावाखाली त्यांच्या उलट लिहायचा हक्क ना तुम्हाला, ना मला.

तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. आम्ही दोघी दुपारभर भांडलो. ती म्हणत होती, तुमची साक्ष वेगळी छापू, नंतर कधीतरी. मी म्हटलं, नंतर म्हणजे कधी? तिनं संपादकांना पत्र घातलं होतं, संपादकाला लेखकाचं नाव माहीत असतं, त्याला कळवायला हरकत नव्हती. त्यांचं उत्तर आलं, दुःख झालं, हवा तेवढा वेळ घ्या. शीतल म्हणाली, पहा, मुदत वाढली. मी म्हटलं, "लेखाची वाढली. मी एकोणऐंशीची आहे, माझी कोण वाढवून देणार?"

ती उठली आणि टेबलावरचे तुमचे कागद नीट लावायला लागली. दुसऱ्या परीक्षकाचा तो कागद मी उचलून आत ठेवला होता, तो मी तिला आणून दिला. मी त्यावरचं काही वाचलं नव्हतं, इंग्रजी आहे म्हणून. समासात पेन्सिलीनं मराठीत लिहिलेलं होतं, बारीक. ते शीतलनं वाचलं आणि कागद माझ्यापुढे धरला. तुमचं अक्षर.

"हरभरे. वहिनींना विचारायचे. खरे निघाले तर पुन्हा लिहायचे."

म्हणजे तोंडानं मला गौण सांगत होतात आणि पेन्सिलीनं हे लिहीत होतात. विचारलं का नाहीत वन्सं? मी खोटी ठरेन म्हणून थांबलात? की तुम्ही दहा वर्षं चुकत होतात हे माझ्या तोंडून ऐकायला नको होतं? मी इकडे शपथ धरून बसलेली, तुम्ही तिकडे प्रश्न धरून, आणि मध्ये एक कुकर.

त्या ओळीखाली पेन्सिलीची एक रेघ आहे. आधी खाली जाते, मग जरा वर. शीतल म्हणते, ती बरोबरची खूण आहे, मॅडमनी सगळं ऐकलं आणि खूण केली, तुम्ही उत्तरपत्रिका तपासताना अशीच करायचात म्हणे. मी म्हणते, पेन्सिल घसरली. आमचं या बाबतीत एकमत होणार नाही. पण पुन्हा लिहायचे, हे तुम्हीच लिहून ठेवलंत, आणि शीतलनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली.

पाच दिवस आम्ही जे केलं तसं काम मी दिवाळीलासुद्धा केलं नाही. तिनं कॉलेजातून रजा घेतली. आधी माझी मुलाखत नव्यानं घेतली, संमतीचा कागद पुढे केला, मी सही केली. तिनं विचारलं, पहिल्या वेळी खोटं का सांगितलं, हेही लिहायचं का? मी म्हटलं, तेच आधी लिही. मग ती लिहायची आणि मराठीत वाचून दाखवायची, आणि मी अडवायची. एका ठिकाणी तिनं लिहिलं, स्त्रियांनी आपल्या असहायतेचा वापर केला. मी म्हटलं, असहाय कोण? पिंपं भरलेली होती. तिनं ते खोडलं. तुमचं जुनं म्हणणं आम्ही काढलं नाही. ते आधी जसंच्या तसं ठेवलं, मग लिहिलं की हे चुकलं, का चुकलं आणि कुणी चुकवलं. तुमचं चुकणंही आता लेखाचाच भाग आहे. बाहेरून बघणाऱ्याला ते आपोआप वाटावं हाच तर आमचा बेत होता, आणि सगळ्यात हुशार माणसाला तो लागू पडला. हे वाक्य माझं आहे. शीतलनं इंग्रजीत तसंच ठेवलं आहे.

परीक्षकांना वेगळं उत्तर लिहायचं असतं, मुद्द्यागणिक. दुसऱ्याला काय लिहायचं? शीतलनं खूप आदरानं काहीतरी लांबलचक लिहिलं. मी म्हटलं, एवढं कशाला. शेवटी असं गेलं, परीक्षकांचा प्रश्न योग्य आहे. हरभरे पाण्यातच भिजवले होते. पाणी होतं.

मूळ मुदतीच्याच दिवशी पाठवायचं असं मी ठरवलं होतं. तुम्ही कधी कुणाकडे एक दिवस जास्त मागितला नाहीत. शीतलनं फायलीतून तुमचं नाव काढलं. वरून काढलं तरी संगणक आत कुठेतरी लेखकाचं नाव धरून ठेवतो म्हणे, तिथूनही काढलं. आभाराची ओळ काढली. मग ते पान उघडायला परवलीचा शब्द हवा होता, तो तुम्ही विसरायचात म्हणून मला पाठ करायला लावला होतात. मी एकेक अक्षर सांगितलं. तेवढ्यानं भागलं नाही, तुमच्या फोनवर आकडा येणार होता. शीतलचा चेहरा पडला. मी आतून तुमचा फोन आणला. रोज चार्जिंगला लावत होते, बंद होऊ दिला नव्हता. का, ते मला विचारू नका. आकडा आला, आम्ही घातला, पान उघडलं.

सारांश घातला. पाच शब्द मागितले, लेख कशाबद्दल आहे ते सांगणारे. शीतलनं चार घातले आणि पाचवा माझ्यावर सोडला. मी म्हटलं, कट. ती म्हणाली, त्याला बरा शब्द आहे इंग्रजीत. मी म्हटलं, बरा नको, खरा घाल. मग शेवटचं बटण. ती म्हणाली, वहिनीबेन, तुम्ही दाबा. मी बोट पदराला पुसलं. दाबलं. एक गोल फिरत राहिला. शीतल पुटपुटत होती, आणि बाजूला तुमचा फोन टुणकन वाजला. तुमच्या नावानं निरोप आला होता. तुमचा सुधारित लेख मिळाला, आभारी आहोत.

शीतलनं मला मिठी मारली. मला मिठ्या आवडत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी चालवून घेतली. सुतकात गोड करत नाहीत म्हणून मी तिला शेवउसळच मागवून दिली, आणि चुलत जाव आतून बघत होती.

आता ते 'परीक्षकांकडे' आहे. सकाळी चहा झाला की मी संगणक उघडते. कुठे दाबायचं आणि ते इंग्रजी शब्द कसे ओळखायचे, ते शीतलनं शिकवलं आहे. रोज तेच शब्द असतात आणि रोज मी ते दोनदा बघते. दुसऱ्याकडेच परत गेला असेल असं शीतल म्हणते. तो वाचत असेल. तुम्ही गेलात हे त्याला सांगायचं नाही, नियमच आहे तसा. त्याच्या लेखी तुम्ही कुठेतरी बसून त्याच्या उत्तराची वाट बघत आहात. उत्तर आलं तर तुमच्याच फोनवर येईल. छापून आलं तर आभाराची ओळ परत घालायची, हे शीतलकडून कबूल करून घेतलं आहे.

तुम्ही असता तर आज माझ्यावर चिडला असतात, आणि मग शीतलला बाजूला सारून सगळा लेख पुन्हा तपासला असतात. मीही ऐकवलं असतं. तुम्हाला तेव्हा कळत नसेल वन्सं, पण ते राजकारण होतं. हे वाक्य मी दहा वर्षं तयार ठेवलं होतं. कुकर उघडायच्या आधी तेच म्हणणार होते.

एक राहिलं. पाठवायच्या आधी शीतलनं विचारलं होतं, तुमच्या सांगण्याला दुजोरा कोण देईल? मी एकेकीचं नाव घेतलं आणि ती वहीत एकेक रेघ मारत गेली. सिंधू मोरे सर्वांत आधी गेली. बाळंतिणीच्या खाटेखाली घागरी लपवणारी गेल्या पावसाळ्यात. मग तिनं लेखाखाली तशी टीप घातली आणि मला वाचून दाखवली, आणि मी म्हटलं बरोबर आहे. त्या दिवशी चौदा जणी होतो. त्यांतली क्रमांक सात जिवंत आहे.